निनावी व्हायला गर्दी लागते

डिसेंबर २०१३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात सत्राच्या परीक्षा सुरू असताना काही जणांना एक ईमेल आलं. चार इमारतींची नावं होती आणि त्यांतल्या दोनांत बॉम्ब आहेत, कुठल्या ते ओळखा, अशी धमकी होती. इमारती रिकाम्या केल्या, परीक्षा खोळंबल्या, बॉम्ब काही सापडला नाही. ईमेल पाठवणाऱ्याने आपल्या परीने काळजी घेतली होती. तात्पुरता पत्ता देणारी सेवा वापरली होती आणि तिच्यापर्यंत तो 'टॉर'मधून पोचला होता. टॉर म्हणजे इंटरनेटवर आपण कोण आणि कुठून आलो हे झाकणारं सॉफ्टवेअर. ते त्या दिवशी कुणी फोडलं नाही, तशी गरजच पडली नाही. ईमेल येण्याआधीच्या काही तासांत विद्यापीठाच्या वाय-फायवरून टॉरला कोण जोडलेलं होतं, हे नोंदींत पाहिलं आणि एक विद्यार्थी सापडला. विचारल्यावर त्याने कबूलही केलं. परीक्षा टाळायची होती.

गुन्हा म्हणून प्रकरण पोरकटच. पण टॉर कसं चालतं हे कुणाला सांगायचं झालं की मी इथूनच सुरुवात करते. सॉफ्टवेअरने आपलं काम चोख केलं होतं. ईमेल कुठून आलं हे बाहेरच्या कुणालाच दिसत नव्हतं. दिसत होतं ते इतकंच, की अमुक माणूस आत्ता टॉर वापरतो आहे. त्या आवारात त्या सकाळी टॉर वापरणारे असून असून किती असणार? तेच जर चार-पाच हजार असते, कुणी बातम्या वाचत, कुणी उगाच, तर त्या नोंदीचा पोलिसांना काडीचा उपयोग झाला नसता.

गुप्तता एकट्याला पाळता येते. वही कुलपात ठेवली की झालं. संदेश कूटबद्ध करायला दोघं पुरतात. निनावीपणाचं मात्र तसं नाही. आपल्याला न ओळखणारी, आपल्याशी घेणंदेणं नसलेली पुष्कळ माणसं त्याच वेळी त्याच वाटेने जात असावी लागतात. वाट कितीही आडवळणाची असली आणि तिच्यावर आपण एकटेच असलो, तर मागावर असणाऱ्याचं काम सोपंच होतं.

कूटबद्धीकरण आता घरोघरी आलं आहे. आपण काय लिहिलं हे वाटेतल्या कुणाला वाचता येत नाही. पण आपण कुणाशी, कधी, किती वेळा आणि किती वेळ बोललो हे उघडंच राहतं, कारण इंटरनेटवरच्या प्रत्येक पाकिटावर कुठून आणि कुठे हे दोन्ही पत्ते असावेच लागतात, नाहीतर ते पोचणार कसं? एखादी बाई एका आठवड्यात तीनदा घरगुती हिंसाचाराची माहिती देणारं संकेतस्थळ उघडते, मग भाड्याच्या खोल्यांचं, मग वकिलांच्या यादीचं. तिने त्यांवर काय वाचलं, काय लिहिलं याचं एक अक्षरही कुणाला कळलं नाही तरी तिचं काय चाललं आहे हे कळायचं राहत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचे माजी प्रमुख मायकेल हेडन २०१४ मध्ये जाहीर चर्चेत म्हणाले होते, की आम्ही अशा बाह्य नोंदींच्या आधारावर माणसं मारतो. मजकूर हातात नसतानाही.

या दुखण्यावर पहिला नीट विचार केला तो डेव्हिड चॉम यांनी, १९८१ मध्ये. वेब जन्मायला अजून बरीच वर्षं होती. त्यांची कल्पना अशी, की मधे एक संगणक ठेवायचा. तो बऱ्याच जणांचे कूटबद्ध संदेश गोळा करतो, पुरेसे जमेपर्यंत थांबतो, प्रत्येकाचं वरचं आवरण काढतो आणि क्रम विस्कटून सगळे एकदम पुढे सोडतो. आत गेलेला कुठला आणि बाहेर पडलेला कुठला, याची सांगड बाहेरून घालता येत नाही. असे संगणक एकापुढे एक लावले, की त्यांतला एक जरी इमानदार असला तरी भागतं. कळीचा भाग आहे तो 'पुरेसे जमेपर्यंत थांबतो' हा. म्हणजे गर्दी सुरुवातीपासूनच या शास्त्राच्या पायात आहे. एकच संदेश आला तर तो कितीही विस्कटला तरी एकच राहणार.

प्रत्यक्षात मात्र लोकांनी आधी सोपी वाट धरली. १९९३ मध्ये फिनलंडमध्ये योहान हेल्सिंगियस यांनी एक सेवा सुरू केली. तिच्याकडे ईमेल पाठवा, ती तुमचं नाव काढून टाकील, एक क्रमांक देईल आणि पत्र पुढे धाडील. उत्तर आलं तर ते तुमच्याकडे पोचवायचीही सोय होती. त्यासाठी कुठला क्रमांक कुणाचा, ही यादी एका संगणकावर ठेवणं भाग होतं. लाखो लोकांनी ती सेवा वापरली. १९९५ मध्ये सायंटॉलॉजी चर्चच्या तक्रारीवरून पोलीस वॉरंट घेऊन दारात आले आणि हेल्सिंगियस यांना एका माणसाची ओळख द्यावी लागली. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९९६ मध्ये, त्यांनी सेवा बंद केली. मला हा माणूस आवडतो. जे वचन आता पाळता येणार नाही असं दिसलं, ते देणं त्यांनी थांबवलं. पण यादी आहे म्हटल्यावर ती कधीतरी कुणीतरी मागणारच, हेही त्या प्रकरणाने कायमचं सिद्ध करून ठेवलं. 'सिग्नल' हे संदेश पाठवायचं ॲप चालवणारे याच अनुभवाच्या खांद्यावर उभे आहेत. २०१६ मध्ये अमेरिकेत न्यायालयीन आदेशाने त्यांच्याकडे एका खात्याची माहिती मागितली गेली, तेव्हा त्यांच्यापाशी द्यायला दोनच गोष्टी होत्या : खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. बाकी काही साठवलेलंच नव्हतं.

आता टॉरकडे. त्याची मुळं अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत आहेत, हे ऐकून बरेच जण कान टवकारतात. १९९० च्या दशकाच्या मध्यावर पॉल सायव्हर्सन, मायकेल रीड आणि डेव्हिड गोल्डश्लाग तिथे या प्रश्नावर काम करत होते. सरकारी माणसाला एखादं संकेतस्थळ पाहायचं आहे, पण पाहणारा सरकारी आहे हे समोरच्याला कळू द्यायचं नाही, अशी गरज. त्यांनी चॉम यांची आवरणांची युक्ती उचलली, थांबणं मात्र कमी केलं, कारण वेब पाहणारा माणूस तासभर वाट बघत बसणार नाही. कांद्याच्या पापुद्र्यांसारखी एकात एक आवरणं, म्हणून 'ओनियन रूटिंग'. आणि इथेच मोठी गंमत झाली. हे जाळं फक्त नौदलाने वापरलं तर त्यातून बाहेर पडणारा प्रत्येक जण नौदलाचाच ठरणार! लपायचं असेल तर ते सगळ्या जगाला फुकट वाटणं भाग होतं. ऑक्टोबर २००२ मध्ये रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्यूसन यांच्यासह सायव्हर्सन यांनी टॉरचं जाळं सुरू केलं, ते खुल्या परवान्याखाली. २००३ च्या अखेरीला त्यात डझनभर संगणक होते. २००६ मध्ये त्याची ना-नफा संस्था झाली.

हेरांना पत्रकार हवेत, पत्रकारांना विद्यार्थी हवेत, आणि या सगळ्यांना हवीत रोगांची लक्षणं शोधणारी, सिनेमाची परीक्षणं वाचणारी साधी माणसं. कुणाचंच कुणाशी पटलं नसतं, तरी एकमेकांशिवाय कुणाचं भागत नाही. परोपकार म्हणावा तर यात प्रत्येकाचा स्वार्थ आहे. निव्वळ स्वार्थ म्हणावा, तर ज्याला काहीच लपवायचं नाही तो या सगळ्यांना आपला आडोसा देतो, त्याचं काय?

मी स्वतः त्या शेवटच्या गटातली. टॉर ब्राउझरवर मी पाककृती वाचते, शब्दकोश उघडते, पाठदुखीविषयी वाचून घाबरून घेते. एका मैत्रिणीने विचारलं, "तुझ्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय?" "काहीच नाही, म्हणून तर वापरते," असं म्हटल्यावर तिने माझ्याकडे जसं पाहिलं तसंच बहुतेक जण पाहतात. तिला वाटलं मी कोट्या करते आहे. पण ज्याच्याकडे खरोखर लपवण्यासारखं असतं त्याला माझ्यासारख्या रिकामटेकड्यांचीच गरज असते.

यंत्रणा थोडक्यात अशी. तुमचा ब्राउझर जगभरात पसरलेल्या काही हजार रिले-संगणकांतून तीन निवडतो. ते आलेली वाहतूक पुढे धाडतात आणि स्वयंसेवकांचे असतात. पहिल्याला तुम्ही कोण ते कळतं, पण कुठे चाललात ते नाही. तिसऱ्याला कुठे चाललात ते कळतं, पण कोण ते नाही. मधल्याला बिचाऱ्याला दोन्ही नाही. साधारण दर दहा मिनिटांनी नव्या कामासाठी नवी वाट धरली जाते. यात एक बाब मला फार दिवस उलटी वाटत होती. मधला आणि शेवटचा रिले सतत बदलतात, पहिला मात्र महिनोन्‌महिने तोच ठेवला जातो. बदलत राहणं जास्त सुरक्षित नाही का?

नाही. समजा एखाद्या पाळतखोराने दहातला एक रिले आपल्या ताब्यात ठेवला आहे. पहिला आणि शेवटचा, दोन्ही त्याचेच निघाले तर तो दोन्ही टोकांची वेळ जुळवून तुम्हाला ओळखू शकतो. तसं व्हायची शक्यता शंभरात एक. कमी वाटते, पण रोज शंभरभर वाटा बदलणाऱ्याच्या नशिबी ती आज ना उद्या येणारच. एकदा ओळखलं गेलं की गेलं, ते परत पुसता येत नाही. उलट पहिला रिले पक्का ठेवला तर दहातले नऊ जण त्या काळापुरते या धोक्यातून पूर्ण सुटतात आणि एक जण पुरता सापडतो. सगळ्यांनी थोडंथोडं सापडण्यापेक्षा थोड्यांनीच सापडावं, असा हा सौदा. गणित म्हणून बिनतोड आहे. तो दहावा माणूस कोण, याचा विचार करू लागलं की जरा अस्वस्थ व्हायला होतं.

आणि टॉरवाले हे लपवून ठेवत नाहीत. दोन्ही टोकं एकाच वेळी पाहू शकणाऱ्यापुढे आमचा इलाज चालत नाही, हे त्यांनी २००४ च्या आपल्या शोधनिबंधातच लिहून ठेवलं आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेन यांनी बाहेर काढलेल्या तिच्या कागदांत एक सादरीकरण होतं, त्यात टॉरविषयी वैतागून लिहिलेलं होतं, की सगळ्या वापरकर्त्यांना सगळा वेळ उघडं पाडणं आपल्याला कधीच जमणार नाही, फार तर अगदी थोड्यांना, तेही हाताने मेहनत करून. दोन्ही बाजूंचं म्हणणं इतकं जुळावं हे विरळाच.

पत्ता झाकला तरी माणूस इतर मार्गांनी ओळखू येतो, हा भाग मला सगळ्यात बोचरा वाटतो. २०१० मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने केलेल्या प्रयोगात साडेचार लाखांहून जास्त ब्राउझर तपासले गेले. त्यांतले सुमारे ८४ टक्के निव्वळ आपल्या ठेवणीवरून, म्हणजे फॉन्ट, पडद्याचा आकार, जोडसॉफ्टवेअर, कालविभाग अशा किरकोळ तपशिलांवरून, एकमेवाद्वितीय निघाले. आपण हौसेने घातलेला प्रत्येक फॉन्ट, प्रत्येक जोडसॉफ्टवेअर ही एक खूण ठरते. त्यामुळे टॉर ब्राउझर आपली हौस मोडायला बसलेला असतो. जगात कुठेही असा, तो वेळ ग्रीनिचची सांगतो. खिडकी ताणून मोठी केली तर कडेला करड्या पट्ट्या सोडून पानाचा आकार ठरावीक मापात बसवतो. जादा काही जोडू नका असं बजावतो. एरवी सगळं तंत्रज्ञान आपल्याला 'खास तुमच्यासाठी' म्हणत असतं. हे एकच मला भेटलं, जे म्हणतं, कृपा करून इतरांसारखे व्हा.

इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेत वापरू लागलात तर तो आणखी एक प्रश्न विचारतो : पानं इंग्रजीतच मागवू का? त्याने ओळखणं अवघड होईल. सल्ला बरोबर आहे आणि मला तो आवडत नाही. इंग्रजी मागणाऱ्यांची गर्दी प्रचंड आहे, मराठी मागणाऱ्यांची टॉरवर किती असेल? लिहिण्याचं तर आणखी कठीण. मी निनावी मराठीत लिहिलं, तरी माझे अनुस्वार, 'मधे' की 'मध्ये', वाक्य 'पण'ने सुरू करायची खोड, हे सगळं माझ्या नावाने ओरडत असणार. नेहमी वाचणारा कुणीही दोन परिच्छेदांत ओळखेल. यावर सॉफ्टवेअरमध्ये औषध नाही. लहान भाषेत लिहिणाऱ्याला आडोसाही लहानच मिळतो.

गर्दीचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही, हेही सांगायला हवं. तीन रिलेंपैकी शेवटचा, ज्याला एग्झिट म्हणतात, तो चालवणारा सगळ्यात जास्त सोसतो. बाहेरच्या जगाला जे काही होतं ते त्याच्या पत्त्यावरून झालेलं दिसतं. २०१७ मध्ये मॉस्कोत गणित शिकवणाऱ्या एका तरुणाला भडकाऊ मजकूर टाकल्याच्या आरोपाखाली अटक झाली, कारण मजकूर त्याच्या घरच्या पत्त्यावरून गेलेला दिसत होता. तो घरून एग्झिट चालवत होता. आधी तुरुंग, मग नजरकैद, आणि २०१८ मध्ये आरोप मागे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते याहून वेगळं काय? उलट उदाहरणही आहे. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या लेबनन गावच्या किल्टन वाचनालयाने २०१५ मध्ये आपल्याकडे टॉरचा रिले बसवला. गृहसुरक्षा खात्याकडून स्थानिक पोलिसांच्या कानावर गोष्ट गेली, पोलिसांनी वाचनालयाशी बोलणं केलं आणि रिले बंद झाला. सप्टेंबरमध्ये वाचनालयाच्या मंडळाची बैठक भरली, गावकरी आले, त्यांनी पाठिंबा दिला आणि रिले पुन्हा सुरू झाला. कोण काय वाचतं हे चारचौघांत न सांगणं हे ग्रंथपालांचं जुनंच व्रत आहे, त्यामुळे मला यात नवल वाटलं नाही.

एग्झिट चालवणारा संन्यासीच असेल असंही नाही म्हणा. २००७ मध्ये डॅन एगरस्टॅड या स्वीडिश तज्ज्ञाने पाच एग्झिट चालवून त्यांतून काय वाहतं ते पाहिलं, तर अनेक दूतावासांच्या ईमेलचे पासवर्ड उघडे वाहत होते. टॉर कोण ते लपवतं. काय ते कूटबद्ध करणं ज्याचं त्याने पाहायचं असतं, हे त्या मंडळींच्या गावीही नव्हतं.

गुन्ह्यांविषयी मी थोडक्यात आटोपते, कारण त्यावर बाकी सगळे भरपूर बोलतात. आहेत. अमली पदार्थांचा 'सिल्क रोड' बाजार २०११ ते २०१३ टॉरवरच चालला, आणि त्याहून घाणेरडं, लहान मुलांच्या शोषणाचं साहित्यही तिथे असतं. त्याचं समर्थन करायला माझ्याकडे शब्द नाहीत आणि मी शोधणारही नाही. टॉरच्या आतल्या गुप्त संकेतस्थळांकडे जाणारी वाहतूक एकूण वाहतुकीच्या मानाने थोडी आहे, हे खरं. पण ज्यांचं नुकसान झालं त्यांना टक्केवारी सांगण्यात अर्थ नाही. सिल्क रोडचा चालक सापडला तो टॉर फोडून नव्हे. सुरुवातीच्या दिवसांत ज्या टोपणनावाने त्याने बाजाराची जाहिरात केली, त्याच टोपणनावाने पुढे एका ठिकाणी स्वतःच्या नावाचा ईमेल पत्ता दिला होता.

जिथे सरकार टॉरच अडवतं, तिथे गर्दीचा प्रश्न आणखी एक वळण घेतो. रशियाने डिसेंबर २०२१ पासून टॉर अडवायला सुरुवात केली, चीनमध्ये आणि इराणमध्ये ते आधीपासून चालू होतं. मग टॉरची वाहतूक दुसऱ्याच कुणाच्या गर्दीत मिसळावी लागते. 'स्नोफ्लेक' नावाची सोय तिला व्हिडिओ कॉलसारखं रूप देते आणि दूरदेशच्या कुणा स्वयंसेवकाच्या ब्राउझरमार्फत आत घेते. सगळे व्हिडिओ कॉल बंद करणं कुठल्याही सरकारला परवडत नाही, या भरवशावर ते चालतं. ते जोडसॉफ्टवेअर मीही चालू ठेवते. त्याला काही मेहनत लागत नाही, म्हणून त्याबद्दल मला कुणी शाबासकी द्यावी असं नाही.

मला खरी भीती हेरांची वाटत नाही, कंटाळ्याची वाटते. टॉर मंद आहे. दर दोन पानांमागे 'तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा' म्हणत वाहतूक दिव्यांची चित्रं पुढ्यात येतात, काही ठिकाणी तर सरळ दार बंद. साधा माणूस चार दिवस सहन करतो आणि पाचव्या दिवशी नेहमीच्या ब्राउझरकडे वळतो. वळण्यात त्याचं काहीच चुकत नाही. पण तो गेला की मागे उरतात फक्त अडलेले आणि नडलेले, आणि मग टॉर वापरतो म्हणजे काहीतरी भानगड असणार, हा संशय जरा जास्त खरा होतो. तो संशय वाढला की आणखी संकेतस्थळं दारं लावतात. या चक्राला कुणा दुष्टाची गरजच लागत नाही.

दारं लावणाऱ्यांची बाजूही खोटी नाही. विकिपीडिया टॉरवरून खुशाल वाचता येतो, संपादन करता येत नाही, कारण निनावी वाटेने येऊन पानांची नासधूस करणारे कमी नाहीत आणि ती निस्तरणारेही स्वयंसेवकच असतात. ज्याला खरोखर गरज आहे त्याला विशेष सूट मागता येते. ती बहुधा मिळते ती अशा खात्याला, ज्याने आधी बराच काळ नीट काम करून विश्वास कमावला आहे. म्हणजे ज्याला पहिल्याच ओळीपासून लपून लिहिणं भाग आहे, तो आधीचा बराच काळ कुठून आणणार? यावर बरी तोड अजून माझ्या पाहण्यात आलेली नाही, आणि नियम करणाऱ्यांच्या जागी मी असते तर मीही बहुधा हाच केला असता.